रिव्हेटवर बोट ठेवून पॅरिस

मी रेल्वेत पुलांचा इन्स्पेक्टर होतो. चौतीस वर्षं घाटातले, खाडीवरचे, नाल्यांवरचे गर्डर बघितले. बघितले म्हणजे ठोकून बघितले. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायला ठोकून बसवलेला लोखंडी खिळा, ढिला झालाय का, हे नुसत्या डोळ्याला कळत नाही. डाव्या हाताचं बोट रिव्हेटच्या डोक्याला आणि पत्र्याला एकदम टेकेल असं ठेवायचं आणि समोरच्या बाजूने छोट्या हातोडीचा टोला द्यायचा. घट्ट असेल तर बोट गप्प राहतं. ढिला असेल तर बोटाखाली वळवळतो. तसं केल्याशिवाय मी कुठल्याही रजिस्टरवर सही केली नाही. त्यामुळे माझं नाव मागून काय काय पडलं होतं, ते इथे नको.

सौ. चित्रकलेची शिक्षिका. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांच्या चार-पाच पिढ्यांनी तिच्या हाताखाली मडकी, कांदे आणि घडी पडलेला टॉवेल काढला. लेक पॅरिसला नोकरी करते. तिच्याकडे जायचं ठरल्यावर आमची भांडणं सुरू झाली. सौ.ला चित्रं बघायची होती, मला लोखंड. शेवटी लेकीनेच तोडगा काढला. "बाबा, एकच शतक घ्या. एकोणिसावं. तुम्हा दोघांचंही त्यातच आहे." मोनालिसा त्यामुळे राहिली. सौ. अजून अधूनमधून ते ऐकवते.

पहिला दिवस, रविवार

सकाळी उतरलो, दुपारी झोपलो, संध्याकाळी लेकीच्या गल्लीत पाय मोकळे केले. ऑक्टोबरचा शेवट, थंडी बोचरी पण सहन होण्यासारखी.

कोपऱ्यावर एक हिरवी पाणपोई होती. चार बायका हात वर करून छोटा घुमट तोलून धरतात आणि मधून पाण्याची धार पडते. सौ.ने लगेच पिशवीतून स्केचबुक काढलं. मी जवळ जाऊन टिचकी मारली. बीड. ओतीव लोखंड. रिचर्ड वॉलेस नावाच्या श्रीमंत इंग्रजाने १८७२ मध्ये स्वतःच्या पैशाने शहरभर अशा पाणपोया बसवल्या. त्याआधी १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या वेढ्यात आणि मागोमागच्या बंडाळीत पॅरिसचे पाण्याचे हाल झाले होते. एक साचा केला की हव्या तितक्या प्रती निघतात, हा बिडाचा गुण. मूर्तिकार एकदाच राबतो. झाडांच्या बुंध्याभोवतीच्या जाळ्या, दिव्यांचे खांब, बाकांचे पाय, सगळं त्याच शतकातल्या साच्यांतून आलेलं. पॅरिसचं देखणेपण बरंचसं ओतशाळेतून आलंय, असं मी म्हणालो. सौ. म्हणाली, "आणि साचा कोणी घडवला?"

पहिल्याच संध्याकाळी एक-शून्य.

दुसरा दिवस, सोमवार

आयफेल मनोरा. सगळे बघतात, आपणही बघितला, असं म्हणून सोडणार नाही, कारण माझ्यासाठी ही सहल त्याचसाठी होती.

लोक आधी वर बघतात. मी आधी पायांकडे गेलो. चार पाय चार मुख्य दिशांना. त्यातले नदीकडचे दोन ओल्या जमिनीत, म्हणून तिथे लोखंडी पेट्या उतरवून, त्यांत दाबाची हवा भरून, पाणी बाहेर रेटून माणसांनी आत बसून खोदाई केली. २८ जानेवारी १८८७ ला काम सुरू झालं आणि ३१ मार्च १८८९ ला संपलं. सव्वादोन वर्षं. आमच्याकडे एवढ्या वेळात टेंडरच्या दुरुस्त्या होतात.

पाय आत झुकलेले आहेत. चौघांनी पहिल्या मजल्याच्या उंचीवर जाऊन आडव्या गर्डरांना भेटायचं, आणि भेटायचं म्हणजे भोकाला भोक जुळायला हवं. गर्डर बसवताना भोक सूतभर सरकलं की काय धिंगाणा होतो ते आमच्या ब्रिज खलाशांना विचारा. इथे युक्ती अशी केली की पाय वाळूच्या पेट्यांवर आणि हायड्रॉलिक जॅकवर तोलले. पाय खाली घ्यायचा असेल तर पेटीतली वाळू थोडी सोडायची, वर घ्यायचा असेल तर जॅक चालवायचा. शेकडो टनांचा पाय मिलिमीटरने हलवायला वाळू! मी सौ.ला हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "कळलं हो. घड्याळातली वाळू."

लोखंड १८,०३८ तुकड्यांचं, वजन ७,३०० टन, रिव्हेट पंचवीस लाख. हे पोलाद नव्हे. लोरेन प्रांतातल्या पोंपेच्या भट्ट्यांतून आलेलं घडीव लोखंड आहे. वितळलेलं बीड भट्टीत ढवळून ढवळून त्यातला कार्बन जाळतात, मग ते चिवट होतं. पोलाद तेव्हा मिळत होतं, पण मनोरा बांधणाऱ्या आयफेलने ओळखीचा माल घेतला. मला हे आवडलं. तुकडे शहराबाहेर लव्हाल्वा-पेरेच्या कारखान्यात बेतून, भोकं पाडून, तात्पुरत्या बोल्टांनी जोडून यायचे. जागेवर बोल्ट काढून तापलेले रिव्हेट. एका रिव्हेटला चार माणसं: एक तापवणार, एक धरणार, एक डोकं घडवणार, एक घण मारणार. लाल रिव्हेट थंड होताना आखडतो आणि दोन पत्रे असे आवळतो की मधे कागद जाऊ नये.

पहिल्या मजल्यापर्यंत मी जिन्याने गेलो. सौ. लिफ्टने. पूर्व आणि पश्चिम पायातल्या लिफ्टची यंत्रं १८९९ ची आहेत हे मी तिला सांगितलं नव्हतं, नाहीतर तीही जिन्याने आली असती. वाटेत एका गसेटजवळ, म्हणजे जोडावरच्या पत्र्याजवळ, थांबलो, आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं आणि रिव्हेटवर बोट ठेवलं. हातोडी कुठून आणणार? लेकीच्या घराची किल्ली होती. टक. बोट गप्प. दुसरा. गप्प. सात तपासले. मागून एक बाई छोट्या मुलाला घेऊन येत होती, तिने मुलाला माझ्यापासून जरा लांब धरलं.

पहिल्या मजल्याखालच्या पट्टीवर ७२ शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची नावं आहेत, एका बाजूला अठरा. ही खालूनच वाचावी लागतात, म्हणून उतरून परत फेरी मारली. नाव्हिए. कूलाँ. पुआसाँ. कोशी. लामे. क्लापेरों! पॉलिटेक्निकला असताना या क्लापेरोंच्या तीन मोमेंटच्या सूत्राने माझी एक सहामाही खाल्ली होती. माणूस इतक्या उंचावर बसलाय हे तेव्हा माहीत असतं तर जरा आदराने रट्टा मारला असता.

"एकही बाई नाही?" सौ.ने विचारलं. नाही. सोफी जर्मेन असायला हवी होती. थरथरणाऱ्या पत्र्यांच्या गणितासाठी १८१६ मध्ये फ्रेंच अकादमीचं बक्षीस मिळालेली बाई. पत्र्यांच्या गणितावर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यावर तिचंच नाव नाही. सौ.ने स्केचबुकात सोफीचं नाव लिहून ठेवलं, चित्रापेक्षा मोठ्या अक्षरात.

आता वादाचा मुद्दा. मनोऱ्याची मूळ कल्पना आयफेलची नव्हेच. त्याच्या कंपनीतल्या मॉरिस केक्लँ आणि एमिल नुगिए या दोन इंजिनिअरांनी १८८४ मध्ये पहिला आराखडा काढला. तो बघून साहेबांनी फारसा उत्साह दाखवला नाही. मग स्तेफान सोव्हेस्त्र नावाच्या वास्तुकाराने पायांच्या मधे त्या मोठ्या कमानी टाकल्या, तेव्हा त्याला रूप आलं. त्या कमानी भार घेत नाहीत. शोभेच्या आहेत. म्हणजे नवरदेव लोखंडाचा, पण बाशिंग बांधावंच लागलं.

"आणि तुम्ही फोटो कशाचा काढला?" सौ. म्हणाली. मी मोबाइल बघितला. कमानीचा.

तिसरा दिवस, मंगळवार

"माणसं पॅरिसला अत्तरं घ्यायला येतात," सौ. म्हणाली, "आम्ही गटार बघायला."

आल्मा पुलाशेजारी जमिनीखाली सांडपाण्याच्या बोगद्यांचं संग्रहालय आहे. वास येतो. इतका नाही, पण येतो. मी अर्धा तास म्हणून गेलो आणि दोन तासांनी बाहेर आलो. ओस्मां या प्रशासकाने १८५३ पासून सतरा वर्षं पॅरिस फोडून रुंद रस्ते काढले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या रस्त्यांच्या खाली दुसरं पॅरिस बांधणारा इंजिनिअर यूजेन बेलग्रां मात्र लोकांना ठाऊक नसतो. (त्याचं नाव मनोऱ्यावर आहे, आम्ही कालच वाचलं होतं.) खाली चालताना भिंतीवर निळ्या पाट्या दिसतात: वर जो रस्ता, त्याच नावाचं खाली गटार. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्यांना हे बोगदे बोटीतून दाखवले होते, म्हणजे ड्रेनेज बघायला येणारा मी काही पहिला नाही.

खरी मजा गोळ्याची. नदीखालून सांडपाणी पलीकडे न्यायला नळ टाकले आहेत, आणि खोलगट नळात गाळ बसणारच. तो काढायला माणूस आत जाऊ शकत नाही. मग नळाच्या व्यासापेक्षा किंचित लहान असा लाकडी गोळा आत सोडतात. मागे पाणी तुंबतं, गोळ्याच्या कडेच्या फटीतून ते जोरात सुटतं आणि पुढचा गाळ धुऊन पुढे ढकलतं. गाळ सरकला की गोळाही सरकतो. मोटार नाही, इंजिन नाही, पाण्याचाच जोर आणि एक गोटी. तिथे ठेवलेला गोळा माझ्यापेक्षा उंच होता. मी त्याच्याशेजारी उभा राहिलो तेव्हा सौ.ने फोटो काढला. कुटुंबाच्या ग्रुपवर त्याखाली आलेल्या प्रतिक्रिया मी वाचल्या नाहीत.

दुपारी नदीकाठाने चालत अलेक्झांडर तिसरा पुलावर गेलो. पाय दुखत होते. सौ.ला सोनेरी घोडे दिसले, चार खांबांवर, ऊन पडून झगझगणारे. मी पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेलो, कारण पूल खालून बघायचा असतो.

खालून बघितला आणि गप्प बसलो. एकच गाळा, साधारण १०७ मीटरचा, नदीत एकही खांब नाही. आणि कमानीचा चढ फक्त सहा मीटरच्या आसपास! पलीकडे सोनेरी घुमटाचं लष्करी संकुल, अलीकडे शाँझेलिझे. मधली नजर अडायला नको, म्हणून पूल उंच व्हायचा नाही अशी अट होती. आणि बोटीही खालून जायला हव्यात. जेवढी कमान चपटी, तेवढी ती दोन्ही काठांना बाहेर ढकलते. झां रेझाल आणि आमेदे आल्बी या इंजिनिअरांनी ओतीव पोलादाच्या तुकड्यांच्या कमानी केल्या, दोन टोकांना आणि मध्यावर बिजागऱ्या ठेवल्या, म्हणजे काठ जरा सरकला किंवा उन्हाने पोलाद फुगलं तरी कमान स्वतःला सावरून घेते. १९०० च्या जागतिक प्रदर्शनाला पूल खुला झाला. ज्यांनी वर फुलं, शिंपले, जलपऱ्या लावल्या त्यांचं नाव पर्यटक वाचतात. खालचा जोर कुणाला दिसत नाही. पण दिसू शकतो, उतरून गेलं तर. माझं म्हणणं एवढंच आहे: मला बोट ठेवता आलं पाहिजे. नटवा, रंगवा, घोडे बसवा, पण तपासायला जागा सोडा.

सौ.ने घोडा काढला. मागचे पाय जमले नाहीत म्हणून पान फाडलं.

चौथा दिवस, बुधवार

पाऊस. पावसात वाचनालय बरं.

सेंत-जनव्हिएव्ह वाचनालयाची फेरी लेकीने आधी नोंदवून ठेवली होती. बाहेरून दगडी पेटी. भिंतीवर ८१० लेखकांची नावं कोरलेली, जणू पुस्तकांची सूचीच बाहेर लावली आहे. वर वाचनकक्षात पाऊल टाकलं आणि मी थबकलो. मधोमध बिडाच्या बारीक खांबांची रांग, त्यांवरून दोन्ही बाजूंना वेलबुट्टीच्या लोखंडी कमानी, त्यांवर पिंपासारखी दोन लांब छतं. सगळं उघडं. आँरी लाब्रूस्तने हे १८५१ मध्ये खुलं केलं, म्हणजे मनोऱ्याच्या अडतीस वर्षं आधी. तेव्हा लोखंड म्हणजे रेल्वेच्या शेडचं आणि बाजाराचं सामान. ते त्याने विद्वानांच्या डोक्यावर आणून ठेवलं. त्याला कारणही रोकडं होतं: इथे गॅसचे दिवे लागणार होते, संध्याकाळी विद्यार्थी बसणार होते, आणि पुस्तकांच्या डोक्यावर लाकडी छप्पर नको होतं.

मुलं लॅपटॉप उघडून बसली होती. कोणी वर बघत नव्हतं. बरोबरच आहे. रोज जाणाऱ्याने व्ही.टी.चं छत कधी बघितलंय?

दुपारी त्याच लाब्रूस्तचं दुसरं काम, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीतला वाचनकक्ष, १८६८ चा. सोळा खांब, दहा मीटर उंच आणि जेमतेम फूटभर जाड, आणि त्यांवर नऊ घुमट. प्रत्येक घुमटाला मधे भोक, तिथून उजेड. दारातूनच डोकावलो. सौ. म्हणाली, "तंबू वाटतो. कापडाचा." दगडी इमारतीत शिरून तंबूत आल्यासारखं वाटणं, हे त्या खांबांचं मर्म तिने एका शब्दात पकडलं. मी बारीकपणाचं गणित सांगणार होतो. नाही सांगितलं.

नोत्र-दामची रांग पावसात फार मोठी होती, त्यामुळे बाहेरूनच. २०१९ च्या आगीत कोसळलेला तो शेंडा चर्चइतका जुना असेल अशी माझी समजूत होती. तो १८५९ चा, व्हिओले-ल-द्युकचा. त्याने शेंड्याच्या पायथ्याशी येशूचे बारा शिष्य तांब्यात उभे केले आणि त्यातल्या थॉमसला, म्हणजे वास्तुकारांच्या संताला, स्वतःचा चेहरा दिला. बाकीचे शहराकडे बघतात, हा एकटा मागे वळून शेंड्याकडे. काम नीट झालंय ना, हे तपासत. आगीच्या काही दिवस आधीच हे पुतळे डागडुजीला खाली उतरवले होते, म्हणून वाचले. थॉमस मला एकदम आपला माणूस वाटला.

पाचवा दिवस, गुरुवार

आजचा दिवस सौ.चा.

सकाळी गार्निएचा ऑपेरा. १८६१ च्या स्पर्धेत १७१ जणांतून पस्तिशीतल्या शार्ल गार्निएने काम मिळवलं. ते पुरं व्हायला १८७५ उजाडलं. मधे युद्ध झालं, सम्राट गेला, आणि पायाच्या खोदाईत पाणी लागलं ते वेगळंच. पंप लावून पाणी उपसलं आणि शेवटी तळात टाकीच बांधली. ती आजही भरलेली असते.

आत गेल्यावर सौ. बोलायची थांबली. जिना वर चढत जातो आणि दोन बाजूंना फाकतो. संगमरवर पांढरा, हिरवा, लाल. सज्जे, दिवे, आरसे, सोनं. ती वर बघत गोल फिरत राहिली. मला अस्वस्थ वाटू लागलं. कारण या सगळ्याच्या मागे लोखंड आहे. भरपूर आहे. प्रेक्षागृहाची चौकट लोखंडी आहे, आणि गार्निएने ती अशी मढवली की सूतभर दिसू नये. बोट ठेवू कुठे? वर सात टनांचं झुंबर लोंबतंय. १८९६ मध्ये त्याची एक प्रतिवजनाची लादी खाली पडून एक बाई गेली होती. मी खुर्चीच्या रांगा मोजून झुंबराच्या बरोबर खाली कोणतं आसन येतं ते बघत होतो, तेव्हा सौ.ने मला चिमटा काढला.

गंमत पुढे आहे. १४ फेब्रुवारी १८८७ ला 'ल ताँ' या वर्तमानपत्रात आयफेल मनोऱ्याविरुद्ध कलावंतांचं जळजळीत पत्र छापून आलं. सही करणाऱ्यांत संगीतकार गूनो, लेखक मोपासां आणि आपले हे गार्निए. मी गार्निएला लोखंडद्वेष्टा ठरवून टाकला होता. पण त्याच काळात नीस शहराजवळच्या वेधशाळेचं काम गार्निएच करत होता, आणि तिथल्या मोठ्या दुर्बिणीवरचा अवाढव्य घुमट कोणी बांधला? आयफेलने. तो घुमट द्रवाने भरलेल्या वर्तुळाकार हौदात तरंगत असे, हाताने फिरवता येई. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून काम चालू आणि पेपरात एकाच्या नावाने शिमगा. त्यांचं भांडण लोखंड वापरावं का, यावर नव्हतंच. दाखवावं का, यावर होतं. आमचंही तेच चाललं होतं, रविवारपासून.

ऑपेराच्या समोरून कापुसिन नावाचा हमरस्ता जातो. मला वाटतं या दोन-चारशे पावलांइतका भरगच्च रस्ता जगात थोडा असेल. ३५ नंबरला नादार या फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. १८७४ च्या एप्रिलमध्ये मोने, देगा, रन्वार, मोरिसो वगैरे चित्रकार मंडळींनी तिथे आपलं पहिलं प्रदर्शन लावलं आणि लोकांनी हसून घेतलं. पुढे १४ नंबरला एका कॅफेच्या तळघरात २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून सिनेमा दाखवला. तेहतीस जण आले. तळघराचं नाव काय, तर 'इंडियन सलाँ'. पुढच्या ७ जुलैला हाच खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला. काळ्या घोड्याजवळची ती बिडाच्या सांगाड्याची इमारत आज ज्या अवस्थेत उभी आहे ती बघवत नाही. त्यातल्या खांबांवर मला कधी बोट ठेवता आलं नाही, याची चुटपुट तिथे पॅरिसच्या फुटपाथवर लागली.

संध्याकाळी ऑर्से संग्रहालय. गुरुवारी ते रात्रीपर्यंत उघडं असतं.

हे मूळचं स्टेशन. १९०० चं, व्हिक्टर लालूचं. गाड्या विजेवरच्या, धूर नाही, म्हणून थेट लूव्रच्या समोर आणता आल्या. पण एवढ्या खानदानी वस्तीत लोखंडी शेड? मग बाहेरून दगडाचा महाल आणि आतून फुलांच्या नक्षीचे चौकोन. या मढवलेल्या स्टेशनात १२,००० टन धातू आहे. मनोऱ्यापेक्षा जवळजवळ पाच हजार टन जास्त! ज्याने सगळं उघडं टाकलं त्याच्या नावाने बोटं मोडली, आणि ज्याने दीडपट लपवलं त्याचं कौतुक. देताय या चित्रकाराने तेव्हाच लिहून ठेवलंय की स्टेशन कलामंदिरासारखं दिसतं. शब्द खरा ठरला. चाळीस वर्षांत लांब पल्ल्याच्या गाड्यांना फलाट अपुरे पडले, इमारत रिकामी झाली आणि १९८६ मध्ये संग्रहालय झालं. फलाटाची लांबी ठरवताना पुढचे डबे मोजले नाहीत तर काय होतं, याचं इतकं सुंदर उदाहरण मी पाहिलेलं नाही.

सौ. कायबोतच्या चित्रासमोर उभी होती. तीन मजूर उघड्या अंगाने लाकडी जमीन तासतायत, १८७५ चं. सरकारी प्रदर्शनाने ते नाकारलं होतं. "पाठीवरचा उजेड बघा," ती म्हणाली. मी त्यांच्या हातातली रंधणी बघत होतो, पण उजेडही बघितला.

मग मोनेचं सें-लाझार स्टेशन, १८७७. वर काचेचं तिकोनी छप्पर, खाली इंजिनाचा निळसर धूर, मागे इमारती धुरात विरघळलेल्या. हे चित्र कायबोतनेच विकत घेतलं होतं आणि मरताना आपला सगळा संग्रह सरकारला देऊन गेला. सरकारने त्यातली कित्येक चित्रं नको म्हटलं. मी चष्मा कपाळावर चढवून छप्पर निरखलं. तो पोलोंसो ट्रस आहे, म्हणजे छपराची एक जातीची कैची. दोन धनुष्यं एकमेकांना वर टेकवून उभी करावीत आणि खालून एका दांडीने बांधून टाकावीत, तसं काम. वजनाला हलकं, पैशाला कमी, म्हणून रेल्वेवाल्यांचं लाडकं.

"यात दांड्या पुऱ्या नाहीत," मी म्हणालो.

"अहो, धूर आहे."

"धूर असला तरी दांडी असतेच."

"असते. दिसत नाही." ती जरा थांबली. "तुमच्या ऑपेरासारखी."

मला उत्तर सुचलं नाही. बाहेर आलो तर नदीवर दिवे लागले होते.

सहावा दिवस, शुक्रवार

रात्रीचं विमान. सकाळ मोकळी. खरं सें-लाझार बघायचंच होतं.

वाटेत सेंत-ओग्युस्तँ चर्च. व्हिक्टर बाल्तारचं, १८६० ते ७१. याच बाल्तारने पॅरिसचा तो प्रसिद्ध लोखंडी बाजार बांधला. आधी त्याने एक दगडी मंडप केला होता, लोक त्याला किल्ला म्हणून हसले, तो पाडावा लागला, मग सगळं लोखंडात. तो बाजारही १९७० च्या दशकात पाडला. एक मंडप तेवढा शहराबाहेर हलवून वाचवला. चर्च मात्र आहे. बाहेरून दगड, आत रंगवलेले बिडाचे खांब, त्यांच्या डोक्यावर देवदूत. दगडी चर्चला बाहेरून टेकू लागतात, इथे अडनिड्या तिकोनी जागेत टेकूंना जागाच नव्हती. लोखंडाने आतल्या आत भार उचलला.

मी एका खांबावर हाताच्या पेराने टकटक केलं. नाद आला. शेजारच्या भिंतीवर केलं. मुकी. परत खांब. पुढच्या बाकावर जप करणाऱ्या आजींनी वळून बघितलं. सौ. माझ्यापासून चार बाक लांब जाऊन बसली.

सें-लाझारची पुढची दगडी इमारत १८८० च्या दशकातली. फलाटांवरचं छप्पर अजून त्याच पोलोंसो जातीचं आहे. इथलं आधीचं काम यूजेन फ्लाशा या इंजिनिअरचं. त्याचंही नाव मनोऱ्यावर आहे. धूर अर्थातच नाही. उपनगरी गाड्या येतात, दारं उघडतात, माणसं पळतात. डोंबिवलीसारखंच, फक्त कोणी लटकत नाही.

सौ. फलाटाच्या टोकाशी बाकावर बसली आणि चित्र काढू लागली. मी मान वर करून छप्पर वाचत राहिलो. दांड्या, जोड, काचेच्या चौकटी, एका कोपऱ्यात गंजाचा ओघळ. वीस मिनिटांनी तिने हाक मारली आणि स्केचबुक पुढे केलं. तिकोनी छप्पर, खाली गाडी, गर्दीच्या चार रेषा. आणि छपराखाली धूर.

"धूर कुठून आला?"

"काढलाय मी. तुम्ही छप्पर तपासा. आणि सही करा, इन्स्पेक्टरसाहेब."

मी चष्मा वर केला आणि मोजलं. डाव्या धनुष्यात एक तिरकी दांडी जास्त होती. पेन्सिल मागून घेतली, खाली तारीख घातली आणि सही केली.